लघुशंकेची वही

वही निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पहिल्या पानावर पट्टीनं चार रकाने आखलेत: वेळ, पाणी किती प्यायली, शू किती झाली, ओलं की कोरडं. पहिल्याच ओळीत खाडाखोड आहे. तिसऱ्या रकान्यात मी आधी 'थोडीशी' असं लिहिलं होतं, मग ते खोडून '८० मिली' केलं. मापाचं भांडं घरात आल्यानंतरची ती पहिली नोंद. तोवर लेकीच्या लघवीबद्दल आम्ही 'थोडीशी', 'सारखी' आणि 'परत?' याच मापांत बोलत होतो.

मराठीत या क्रियेला एक सभ्य नाव आहे, लघुशंका. शाळेत असताना तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं होतं. लहानशी शंका म्हणे! पुढे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं, असलेल्या मुलीचा बाप झालो आणि वाटायला लागलं, की हा शब्द ज्यानं घडवला त्यालाही असलं एखादं मूल असणार. शंका तर दिवसभर असतेच. आत्ता होईल का? पोचेपर्यंत थांबेल का? निघण्याआधी नेऊन आणलंय ते परत येईपर्यंत पुरेल का? पिशवीत कपड्यांचा दुसरा जोड टाकला का, की कालचाच वाळतोय अजून? फक्त तिला 'लघु' कुठल्या हिशेबानं म्हटलं, ते मला अजून उलगडलेलं नाही.

लेक तिसाव्या आठवड्यातच जन्मली. दीड वर्षाची होईतो पाय ताठ आहेत हे आम्हालाही दिसायला लागलं होतं. उभं धरलं की चवड्यांवर उभी राहायची, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढायच्या. हात बऱ्यापैकी, बोलणं उत्तम, जीभ तर आईवर गेलेली. निदानाच्या कागदावर 'स्पास्टिक डायप्लेजिया' असं आलं, म्हणजे मुख्यतः दोन्ही पायांचा ताठरपणा. मेंदूच्या आत द्रवानं भरलेल्या पोकळ्या असतात. मेंदूकडून पायांकडे जाणारे तंतू त्यांच्या अगदी काठानं उतरतात, हातांचे त्याच्या बाहेरून, चेहऱ्याचे आणखी बाहेरून. वेळेआधी आलेल्या बाळांत नेमका हा काठच नाजूक असतो. तिथे इजा झाली की पहिले पाय सापडतात. लंडनच्या विल्यम जॉन लिटल या डॉक्टरांनी १८६२ साली अशा मुलांबद्दल सविस्तर लिहिलं, म्हणून बराच काळ या दुखण्याला 'लिटलचा रोग' म्हणत. त्यांचं स्वतःचं एक पाऊल लहानपणापासून वाकडं होतं. हे वाचल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं.

पाय सगळ्यांना दिसतात. घरी येणाऱ्याला दिसतात, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसतात आणि अर्थात डॉक्टरांनाही दिसतात. त्यामुळे बोलणं पायांवरच सुरू होतं आणि पायांवरच संपतं. ऑपरेशनचा विषय लेक साडेपाच वर्षांची असताना निघाला, तेव्हाही तसंच झालं. पाऊण तास आम्ही गुडघ्याचे अंश, टाचा, कंबर आणि वॉकरसोबत चालतानाचा व्हिडिओ यांवर बोललो. उठून दाराशी आल्यावर मी नेहमीचा प्रश्न नेहमीच्याच चोरट्या आवाजात काढला. "आणि डॉक्टर, ते शूचं...?"

याआधी तीन ठिकाणी मी तो असाच, दाराशी, विचारला होता. एक म्हणाले, होईल हळूहळू. दुसरे म्हणाले, या मुलांत असतंच. तिसऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. या सर्जन बाई मात्र पुन्हा खुर्चीत बसल्या, आम्हालाही बसवलं आणि म्हणाल्या, "हे आधी सांगायचं नाही का? सांगा आता पहिल्यापासून."

दिवसातून किती वेळा होते? एका वेळी किती? धार सलग असते की तुटक? सुरू व्हायला वेळ लागतो? शी रोज होते का, कडक असते का? पाणी मुद्दाम कमी पिते का? आणि शेवटी: लागली आहे हे तिला कळतं, की ओलं झाल्यावर कळतं? या शेवटच्या प्रश्नाला मी 'कळतं' म्हणालो आणि बायको 'नाही कळत' म्हणाली, दोघंही एकदमच. बाई हसल्या नाहीत. "पंधरा दिवस लिहून आणा," म्हणाल्या. "आधीचं मोजलेलं नसेल तर नंतर काय बिघडलं, काय सुधारलं, ते मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही."

ती ही वही.

पंधरा दिवसांत लक्षात आलं, की बायको आणि मी दोघंही बरोबर होतो. लेकीला कळायचं, पण कळणं आणि होणं यांत जेमतेम मिनिटभराचं अंतर होतं. रोज कितीतरी वेळा, दर वेळी सत्तर-ऐंशी मिली, कधी नव्वद. मुलांच्या मूत्राशयात साधारण किती मावायला हवं याचा एक सोपा हिशेब बालमूत्रविकाराचे डॉक्टर वापरतात: वयात एक मिळवायचा आणि तिसानं गुणायचं. म्हणजे सहाव्या वर्षी २१० मिली. आमची लेक त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. आणि हो, पाणी ती मुद्दाम कमी पीत होती. हे आम्हाला वहीनं सांगितलं. कमी प्यायलं की कमी लागेल, असा साधा हिशेब तिनं एकटीनंच मांडला होता. पण कमी पाण्यानं लघवी घट्ट होते, तिनं मूत्राशय आणखी चिडतं, शी कडक होते, आणि भरलेलं आतडं मागून मूत्राशयाला ढोसत राहतं. साडेपाच वर्षांच्या मुलीनं स्वतःपुरता शोधलेला उपाय तिच्याच मुळावर येत होता आणि घरातल्या दोन शिकलेल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता.

सेरेब्रल पाल्सीत लघवीचं का बिघडतं, हे समजायला मला पायांपेक्षा जास्त वेळ लागला. मूत्राशयाचं काम दोनच गोष्टींचं: साठवायचं आणि रिकामं करायचं. त्याच्या भिंतीचा स्नायू, डिट्रुसर, साठवताना सैल राहतो आणि खालची झडप आवळलेली. रिकामं करताना उलट. ही अदलाबदल मेंदूच्या देठातलं एक केंद्र जुळवून आणतं. बॅरिंग्टन नावाच्या ब्रिटिश मूत्रविकारतज्ज्ञानं १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवलं. तान्ह्या बाळात हे केंद्र बरंचसं आपल्याच मर्जीनं चालतं. मूल वाढतं तसा कपाळामागचा मोठा मेंदू त्याच्यावर एक शब्द लादायला शिकतो. तो शब्द म्हणजे 'थांब'. दोन-चार वर्षांची मुलं कोरडी राहायला लागतात ती हा शब्द तिथवर पोचायला लागतो म्हणून. आमच्या लेकीच्या वायरिंगमध्ये पायांच्या तारा जशा दुखावल्या, तशी 'थांब'चीही तार दुखावली असणार. मग मूत्राशय अर्धंही भरलेलं नसताना आखडतं, आणि पायांइतकाच ताठ असलेला ओटीपोटाखालचा स्नायू कधी झडप उघडायला उशीर लावतो.

नेदरलँड्समध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे, सेरेब्रल पाल्सी असलेल्या, चार ते अठरा वयाच्या ६०१ मुलांच्या घरी प्रश्नावली पाठवून केलेली. उत्तरं आली त्यांत साधारण चौघांतल्या एकाला, नेमकं सांगायचं तर २३.५ टक्क्यांना, लघवीवर ताबा आलेला नव्हता. फक्त पाय किंवा एक बाजू सापडलेल्या मुलांपैकी ऐंशी टक्के सहाव्या वर्षापर्यंत कोरडी झाली होती. चारही हातपाय सापडलेल्यांत हेच प्रमाण ५४ टक्के. आणि काही मुलांत त्याहून उशिराही आपोआप ताबा येत गेलेला दिसला. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा आशेनं वाचलं. ऑपरेशननंतर तेच वाक्य मला छळणार होतं.

ऑपरेशनचं नाव सिलेक्टिव्ह डॉर्सल रायझोटॉमी. बाईंनी एका कागदाच्या पाठीमागे घोड्याची शेपटी काढली. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि तिथून खाली पाठीच्या कण्यात नुसते मज्जातंतूंचे झुपके लोंबतात. त्या झुपक्याचं लॅटिन नावच घोड्याची शेपटी असं आहे. प्रत्येक मज्जातंतूला दोन मुळं. पुढच्या मुळातून हुकूम खाली जातात आणि मागच्या मुळातून खबरी वर येतात. स्नायू ताणला गेला की 'ताणलो, ताणलो' अशी खबर मागच्या मुळानं वर जाते आणि उत्तरादाखल स्नायू आखडतो. मेंदू एरवी या गप्पांना आवर घालतो. तो आवर सुटला की खबर बारीक असली तरी उत्तर मोठंच येतं, आणि पाय ताठ होतात. मग मेंदूला हात न लावता खबरीच कमी केल्या तर? मागच्या मुळांमधले काही धागे निवडून कापायचे. पुढच्या मुळांना धक्काही लावायचा नाही.

ही कल्पना शंभरावर वर्षं जुनी आहे. शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८९८ साली मांजरांत दाखवलं, की मागची मुळं कापली की ताठरपणा ओसरतो. दहा वर्षांनी, १९०८ च्या सुमारास, तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊच्या ओटफ्रिड फर्स्टरनं ती माणसांवर आणली. पण त्यानं अख्खी मुळं कापली. ताठरपणा गेला आणि त्याच्यासोबत पायांची जाणीवही गेली. इटलीत तुरिनच्या फासानो यांनी १९७० च्या दशकात प्रत्येक धाग्याला विजेचा बारीक झटका देऊन, वेडावाकडा प्रतिसाद देणारेच धागे निवडायला सुरुवात केली. ते काम मज्जारज्जूच्या टोकापाशी करत. तिथे सगळी मुळं एकमेकांना इतकी चिकटून असतात, की पायाचं कुठलं आणि मूत्राशयाचं कुठलं हे ओळखणं फार जिकिरीचं. केपटाउनच्या वॉरविक पीकॉक यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हणूनच जागा बदलली. ते खाली, शेपटीत उतरले. तिथे प्रत्येक मूळ आपापल्या भोकातून कण्याबाहेर पडताना दिसतं, त्याला क्रमांक देता येतो, आणि शेवटची, बारीक, मूत्राशयाकडे जाणारी मुळं बाजूला ठेवता येतात. पण तेवढी मुळं उघडी पाडायला चार-पाच मणक्यांच्या कमानी काढाव्या लागायच्या, आणि वाढत्या वयात कणा वाकण्याची भीती. १९९१ पासून अमेरिकेत सेंट लुईसच्या टी. एस. पार्क यांनी एकाच मणक्याच्या कमानीतून, पुन्हा वरच्या टोकापाशी, सोनोग्राफी आणि स्नायूंच्या विद्युतनोंदीचा आधार घेत काम करायला सुरुवात केली.

मी हा इतिहास वाचत होतो पायांसाठी. वाचता वाचता जाणवलं, की वर-खाली होणारी ही जागा बरीचशी मूत्राशयापायी हलत राहिली आहे. पायांचं काय करायचं हे १९०८ सालीच ठरलं होतं. पुढची सगळी वर्षं गेली ती शेजारणीला धक्का न लावता ते कसं करायचं हे शिकण्यात.

ही शेजारीण राहते एस-२, एस-३ आणि एस-४ या मुळांत, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडातून निघणाऱ्या पाचांपैकी मधल्या तीन जोड्यांत. पायांचा कारभार साधारण एल-२ (एल म्हणजे कंबरेच्या मणक्यांतली मुळं) पासून एस-२ पर्यंत. म्हणजे एस-२ दोघींची सामाईक भिंत. ती पूर्ण सोडली तर पोटरीचा ताठरपणा उरतो आणि टाच वर राहते. कापायला गेलं तर त्यातच प्यूडेंडल मज्जातंतूच्या खबरी असतात, खालच्या झडपेच्या आणि आसपासच्या त्वचेच्या जाणिवेच्या. न्यूयॉर्कमधल्या एका गटानं १९९० च्या दशकात यावर तोडगा काढला. भूल दिलेल्या मुलाच्या त्या मज्जातंतूला खालून हलकेच चेतवायचं आणि वर कुठल्या मुळात ती खबर उमटते ते ऐकायचं. ११४ मुलांचं त्यांचं काम १९९७ साली छापून आलं. सगळ्यात जास्त खबरी एस-२ मधून येत होत्या. निम्म्याहून जास्त मुलांत डावी आणि उजवी बाजू सारखी नव्हती. थोड्या मुलांत तर सगळी खबर एकट्या मुळातून जात होती. ते एक मूळ कापलं गेलं असतं तर! नकाशा करून मगच कात्री लावलेल्या त्या मुलांत लघवी-शौचाची कायमची तक्रार आली नाही, असं ते सांगतात. मी बाईंना विचारलं, तुम्ही नकाशा करता का. "करते. आणि शंका आली तर एस-२ सोडून देते. टाचेसाठी पुढे दुसरा उपाय आहे. याच्यासाठी नाही."

गंमत बघा. याच मुळांचं दुसऱ्या रुग्णांत नेमकं उलटं करतात. अपघातात मज्जारज्जू तुटलेल्या माणसाचं मूत्राशय कशाचीही वाट न बघता आखडत राहतं. लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी अशा लोकांसाठी पुढच्या मुळांवर बसवायचं विजेचं यंत्र तयार केलं. त्याच्या जोडीला एस-२ ते एस-४ ची मागची मुळं ठरवून, पूर्ण कापतात. मूत्राशय सैलावतं, भरपूर साठवतं आणि बटण दाबलं की रिकामं होतं. त्या माणसाला तिथली जाणीव आधीच नसते, म्हणून तो सौदा परवडतो. माझ्या मुलीकडे मिनिटभराची का होईना, पण जाणीव होती, आणि तिच्या आईचं नि माझं सगळं भांडण त्या एका मिनिटावरून चाललं होतं.

संमतीच्या कागदावर सही करायच्या आदल्या रात्री मी ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेची २०१० ची सूचना पुन्हा वाचली. ही शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही, चालणं बिघडण्याचा किंवा मूत्राशयाचं काम बिघडण्याचा धोका आहे आणि हे पालकांना समजलेलं असावं, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. दोन्ही धोके एकाच दमात. वाचून मी बायकोला म्हणालो, बघ, निदान कागदावर तरी शू पायांच्या शेजारी बसली. ती म्हणाली, "झोप आता."

ऑपरेशनबद्दल मी फार लिहू शकत नाही. मी बाहेर होतो. साडेचार तास. स्नायू सैल करणारं औषध भुलेत टिकू देत नाहीत, कारण मग पाय झटक्याला उत्तरच देणार नाहीत. पायांच्या स्नायूंना आणि गुदद्वाराच्या झडपेलाही सुया लावून पडद्यावर रेघा बघतात. शिवाय फिजिओच्या ताई पाय हातात धरून आखडणं जोखत बसतात. यंत्राच्या रेघा आणि ताईंचे हात यांचं जुळलं तर धागा कापायचा. साधारण निम्म्याहून जास्त धागे गेले, एस-२ चे अगदी थोडे, तेही एकाच बाजूचे. बाहेर आल्यावर बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी फक्त 'एकाच बाजूचे' हे शब्द धरून बसलो.

पाय त्याच संध्याकाळी मऊ होते. ते मी हात लावून पाहिले आणि काय वाटलं ते इथे लिहीत नाही, कारण तो लेख वेगळा. लघवीला नळी होती, पिशवीत माप दिसत होतं, वही घरी राहिली होती. दोन दिवस उताणं पडून राहायचं. तळपायांना मुंग्या, चादर लागली तरी ओरडायची. तिसऱ्या दिवशी नळी काढली.

मग काहीच होईना. दोन तास, तीन तास. नळी काढल्यावर मूत्राशयाला थोडी सुस्ती येते, वेदनाशामकांनीही येते, बहुतेकांची एक-दोन दिवसांत जाते, हे सगळं सांगून झालं होतं आणि मला पाठ होतं. चौथ्या तासाला नर्सनं पोटावरून सोनोग्राफीचं छोटं यंत्र फिरवलं: १६० मिली. एरवी ऐंशीला धावपळ उडायची! मला आनंद करावा की घाबरावं कळेना. एवढं मावतंय म्हणजे चांगलं, की जाणीवच गेली म्हणून मावतंय? पाचव्या तासाला नर्स नळीची तयारी करून आली. लेक छताकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "बाबा, आतमध्ये आवळल्यासारखं होतंय," आणि पाठोपाठ, "बाबा, ओलं."

गादी, चादर, खालचं मेणकापड, सगळं गेलं. कुणी गादी भिजवल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. तिनं दोन वेगवेगळी वाक्यं म्हटली होती, आवळतंय आणि ओलं. त्या दोन वाक्यांमध्ये जेवढी फट होती, तेवढी जाणीव शाबूत होती.

पुढचं वर्षभर वही चालू आहे, आणि खरं सांगायचं तर लेखाची अडचण इथेच सुरू होते. तीन महिन्यांनी ९०-१०० मिली. सहा महिन्यांनी १२०. वर्षानं १५०, कधी १६०. वयाच्या हिशेबानं तेव्हा २४० हवे होते, म्हणजे पूर्ण कुठे, पण दुप्पट झालं होतं. दिवसातले ओले प्रसंग पाच-सहावरून आठवड्याला दोन-तीनवर आले. रात्री मात्र आधीसारख्याच ओल्या राहिल्या. लोक विचारायचे, ऑपरेशननं शूचंही झालं का हो? मी वही उघडायचो आणि अडकायचो.

कारण त्याच वर्षात आणखी बरंच काही झालं होतं. शी नियमित झाली. पाणी वेळेवर, मोजून देऊ लागलो. दर दोन तासांनी, लागो न लागो, बसवू लागलो. फिजिओच्या ताईंनी एका भेटीत सांगितलं, "पाय अधांतरी लोंबतायत तिचे, तोल सांभाळायला सगळं आवळून धरते, मग मोकळी होणार कशी?" पायांखाली पाट ठेवला, दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवले आणि धार सलग यायला लागली. मूत्राशय शांत करायचं औषधही मधले चार महिने चालू होतं. आणि ती एका वर्षानं मोठी झाली होती. त्या डच पाहणीतली कित्येक मुलं ऑपरेशनशिवायच उशिरा कोरडी झाली होती. मग कुणाच्या नावावर किती मिली मांडायचे?

रायझोटॉमीनंतर मूत्राशयाची क्षमता वाढल्याचं, काही ओली मुलं कोरडी झाल्याचं सांगणारे अभ्यास आहेत. मूत्राशयाचा दाब मोजून आधी-नंतरची तुलना केलेला एक १९९८ सालचा आहे. पण ते लहान आहेत आणि त्यांत ऑपरेशन न केलेल्या मुलांची जोड नाही. पायांसाठी १९९७-९८ मध्ये व्हँकुव्हर, टोरँटो आणि सिॲटलला चिठ्ठ्या टाकून, दोन गट पाडून चाचण्या झाल्या. तिन्ही मिळून शंभरसुद्धा मुलं नव्हती, पण निदान झाल्या. माझा स्वतःचा कौल विचाराल तर या शस्त्रक्रियेकडून मूत्राशय सुधारण्याची अपेक्षा ठेवू नये, ते जसंच्या तसं परत मिळावं एवढीच ठेवावी, आणि जास्तीचं काही पदरात पडलं तर कोण देऊन गेलं याची फार चौकशी करू नये. अर्थात ही मी मारूनमुटकून शिकलेली गोष्ट आहे. चौकशी मी पुष्कळ केली.

त्या चौकशीपायीच वहीत पाचवा रकाना आला. 'लागली' असं म्हटल्यापासून बसेपर्यंत किती वेळ. ऑपरेशनआधी हे आम्ही मोजलं नव्हतं, पण जुन्या व्हिडिओंत वॉकरनं खोली ओलांडतानाची वेळ होती, त्यावरून अंदाज बांधला. उठणं, वॉकर, दार, वळणं, स्प्लिंट असूनही घसरणारी टाच, कपडे खाली करताना कात्री झालेल्या मांड्या सोडवणं: चार मिनिटं सहज. मूत्राशय देत होतं एक मिनिट. ऑपरेशननंतर वर्षानं तोच प्रवास दीड मिनिटात होऊ लागला, कारण मांड्या उघडत होत्या, कपड्यांना बटणांऐवजी इलॅस्टिक आलं होतं आणि दार आम्ही बाहेर उघडणारं करून घेतलं होतं. मूत्राशय होतं तसंच राहिलं असतं तरी ओल्या प्रसंगांतले निम्मे या अडीच मिनिटांनीच वाचवले असते. हे मी बाईंना मोठ्या उत्साहानं दाखवलं. त्यांनी रकान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यात स्वस्त ऑपरेशन सुतारानं केलं."

आठवं लागलं तेव्हा ती वाचायला चांगली शिकली होती. एका दुपारी मी खोलीत आलो तर वही तिच्या मांडीवर. बरीच पानं वाचून झाली असावीत. चेहरा असा, की मी काही बोलायच्या आधीच कळलं.

"ही माझी शू आहे सगळी?"

हो म्हणालो. का लिहायची ते सांगू लागलो. डॉक्टर, माप, आधी आणि नंतर. ती ऐकून घेत होती, पण पानं उलटणं चालूच. एका पानावर थांबून मोठ्यानं वाचलं, "'ओलं. पाहुण्यांसमोर.' हे कुणी लिहिलं? तू का आई?"

मीच लिहिलं होतं. दोन वर्षं ज्या वहीचा मला अभिमान वाटत आला, तिच्यात असली किती पानं असतील, हा विचार तोवर मनात आला नव्हता. मोजमाप हवंच होतं. त्याशिवाय बाईंनी हात लावला नसता आणि लावायलाही नको होता. पण मिली लिहिणाऱ्या हातानं मधूनच आणखीही काही लिहून ठेवलं होतं, आणि ते जिच्याबद्दल होतं ती आता वाचत होती.

"तुझी कुठंय?" तिनं विचारलं.

"माझी काय?"

"तुझी शू. कुठे लिहिलीयेस?"

त्या दिवसापासून ती आत गेली की मी दाराबाहेर. तिनंच ठरवलं. दांड्याला धरून बसते, उठते, पाच मिनिटं लागोत की दहा. मी बाहेर उभा राहिलो तर तेही चालत नाही, "जा ना तू, तुझी सावली दिसते" म्हणते. एकदा पडली. आतूनच ओरडली, "येऊ नकोस, उठतेय मी." उठली. आता होतं ते किती मिली, मला ठाऊक नाही. वहीत एकशे एकोणचाळीसाव्या पानापर्यंत माझं अक्षर आहे. एकशे चाळिसाव्यावर फक्त एक ओळ आहे, पेन्सिलीनं, तिच्या अक्षरात. मापाचं भांडं घेऊन तिनं त्या दुपारी मलाच आत पाठवलं होतं आणि भिंतीचा आधार घेत स्वतः दाराबाहेर उभी राहिली होती. आतून मी आकडा ओरडून सांगितला.

'बाबा. दुपारी ४ वाजता. ३५० मिली. कोरडं.'